सोळा फुल्या

मला मेंटॉर नेमल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि मग उलटं करून मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही बघितलं. पत्रात वाईट काही नव्हतं. नव्या अध्यापकांना शिकवण्याच्या कामात मदत व्हावी म्हणून विद्यापीठानं योजना आणली होती. प्रत्येक नव्या माणसाला एक ज्येष्ठ माणूस जोडून दिला होता आणि माझ्या वाट्याला आमच्या भूगोल विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ मॅडम आल्या होत्या. पण मी मदत मागितली नव्हती. न मागता कुणी काही द्यायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. बायको याला रोग म्हणते.

सोलापुरात रुजू होऊन मला तेव्हा एक वर्ष झालं होतं. प्रोबेशन दोन वर्षांचं. म्हणजे आणखी एक वर्ष काढायचं आणि त्याच्या शेवटी एक समिती माझी फाइल बघून मला कायम करायचं की नाही ते ठरवणार. त्याआधीची सात वर्षं मी तासिका तत्त्वावर काढली होती. सकाळी एका कॉलेजात दोन तास, मग एसटी पकडून दुसऱ्या गावात तीन तास, आणि सुट्टी लागली की घरी. त्या सात वर्षांत मला कुणी 'आमचे सर' म्हटलं नव्हतं. मला ही नोकरी कायम हवी होती. त्या काळात मला दुसरं काहीच नको होतं.

माझ्याच दिवशी आमच्या विभागात आणखी एक जण रुजू झाला होता. त्याचे मेंटॉर म्हणून खुद्द विभागप्रमुखांचं नाव आलं. ते दोघं कँटीनमध्ये जोडीनं भजी खायचे आणि प्रमुखांनी त्याच्या वर्गात वर्षभरात पाऊल टाकलं नाही. मी प्रमुखांना विचारायला गेलो, म्हटलं, सर, मला नेमकं काय करायचंय? ते हसले आणि म्हणाले, मॅडम म्हणतील तसं करा, शेवटी फाइलला त्यांचाच अहवाल लागतो. मी ते वाक्य विसरलो असतो, पण ते हसणं माझ्या लक्षात राहिलं.

मॅडम निवृत्तीला आलेल्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, चष्मा साखळीला अडकवलेला. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू. विभागात त्या कुणाशी फार बोलायच्या नाहीत. फोन आला की व्हरांड्यात जाऊन तेलुगूत बोलायच्या आणि बोलताना आमच्या स्टाफरूमकडे बघत राहायच्या. मला ती भाषा येत नाही, त्यामुळे विषय मीच असणार असं मी धरून चाललो होतो.

पहिल्यांदा त्या माझ्या तासाला आल्या तेव्हा दारात थांबून म्हणाल्या, "सर, मागं बसू का?" मी नको म्हणू शकतो असा त्यांचा सूर होता, आणि मी नको म्हणू शकत नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्या शेवटच्या बाकावर खिडकीशी बसल्या. पिशवीतून एक लांबडी वही काढली, किराणा दुकानात असते तसली, आणि पट्टी घेऊन तीत रेघा मारल्या. मग तासभर मधूनमधून काहीतरी लिहीत राहिल्या. त्या पूर्ण तासात त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. परीक्षा घेणारा माणूस निदान बघतो तरी. ही बाई न बघताच लिहीत होती, म्हणजे ऐकून लिहीत होती, म्हणजे माझी भाषा लिहीत होती, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मला बोलताना 'हाय' आणि 'न्हाय' आवरावं लागतं. त्या दिवशी ते दोनदा सुटलं होतं.

तास संपल्यावर त्यांनी मला शिकवण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. खिडकीकडच्या रांगेतली ती मुलगी कुठली, म्हणाल्या. मी म्हटलं, अक्कलकोटच्या पुढची. आणि मधल्या रांगेतला शेवटचा? तो माळशिरसचा. कशानं येतात ही मुलं, किती वाजताची गाडी असते? मला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी खूण केली. पुढच्या वेळी जाता जाता म्हणाल्या, मधला पंखा बंद आहे ना? तो बंद होता, महिनाभर बंद होता आणि मी तक्रार केली नव्हती. हेही माझ्या नावावर लागलं असणार असं मी समजलो.

हा संशय कुठून आला ते सांगायला हवं. आमचं घर मेंढरांचं. सांगोल्याच्या बाजूला, कोरड्या रानात, शे-दीडशे मेंढरं आणि थोडी जिरायत. आमच्याकडं मेंढरं मोजत नाहीत. मालकाला ती तोंडावरून माहीत असतात, एखादं कमी असलं तर नुसत्या नजरेला कळतं, आणि बाहेरच्यानं तर ती मुळीच मोजायची नाहीत. माळावर कधी फॉरेस्टचा गार्ड दिसला, बांधावर उभा राहून वही काढून काही लिहायला लागला, की माझे वडील, आप्पा, एक शब्द न बोलता मेंढरं हाकायचे. मी सात-आठ वर्षांचा, त्यांच्या मागून पळायचो. लिहिलं गेलं की नाव कचेरीत जातं, नाव गेलं की तालुक्याला चकरा, एवढं मला तेव्हाच कळलं होतं. पुढं मी शिकलो, स्वतः लिहायला लागलो, पण दुसरा कुणी माझ्यासमोर वहीत लिहायला लागला की माझ्या पायांना अजून तसंच होतं.

मी आप्पांना फोनवर सांगितलं. ते अंगणात बसून बोलतात, मागं कुत्रं भुंकत असतं.

"लिवती काय ती?" आप्पा म्हणाले.

"काय म्हायती."

"मग इचार की लेका."

सल्ला द्यायला काय लागतं, असं वाटून मी विषय बदलला. प्रोबेशनवरचा माणूस ज्येष्ठाला विचारत नसतो, हे त्यांना फोनवर कसं समजावणार?

मग केबिनचा प्रकार झाला. मी हजेरीपट घेऊन प्रमुखांच्या केबिनमध्ये शिरलो तर मॅडम समोर बसलेल्या आणि ती लांबडी वही दोघांच्या मध्ये टेबलावर उघडी. मला बघून दोघं गप्प झाले. प्रमुखांनी सह्या केल्या, मी बाहेर आलो, आणि आठवड्याभरात माझा चार ते पाचचा तास उचलून सकाळी अकराला टाकला गेला. मला कुणी विचारलं नाही. अकराचा तास म्हणजे सकाळचं माझं सगळं वेळापत्रक विस्कटलं, आणि पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं असं मला वाटलं. मला त्रास देऊन मी काय करतो ते त्यांना बघायचं होतं.

मी ठरवलं की यांना बोट ठेवायला जागाच द्यायची नाही. रात्री टिपणं काढायचो, व्याख्या पाठ करायचो, वर्गात टेबलाच्या मागं ताठ उभा राहून पुस्तकातल्या भाषेत बोलायचो. आधी मी मुलांना माळाच्या गोष्टी सांगायचो, गावाकडच्या विहिरींची पाणीपातळी विचारायचो, ते बंद केलं. 'हाय'-'न्हाय' पार गेलं. सगळं बोलणं त्या शेवटच्या बाकाकडं बघून व्हायला लागलं. माझा तास इतका निर्दोष पूर्वी कधी झाला नव्हता, आणि तरीही मागं पेन थांबत नव्हतं. उलट जास्तच चालत होतं.

एका तासाच्या शेवटी त्यांना फोन आला. त्या उठून व्हरांड्यात गेल्या आणि वही बाकावर राहिली. मुलं निघून गेली होती. मी वही उघडली. हे चांगलं केलं नाही हे मला उघडतानाच कळत होतं.

आत एक शब्दही नव्हता. वर तारीख, माझ्या नावाचं पहिलं अक्षर, आणि खाली पट्टीनं आखलेले चौकोन, ओळीनं, एखाद्या छापील फॉर्मला असतात तसे. काही चौकोनांत फुली आणि फुलीखाली बारीक वेळ. अकरा दहा. अकरा पंचवीस. अकरा पंचवीसला तीन. पानाच्या तळाला आकडा, सोळा. मी मागची पानं उलटली. पहिल्या तासाला पाच फुल्या होत्या, मग सात, मग नऊ, बारा, आणि आज सोळा. म्हणजे मी जितका जपून शिकवत होतो तितक्या माझ्या चुका वाढत होत्या. घरची मेंढरं कुणाला मोजू दिली नाहीत आणि इथं वर्गात माझ्या चुका मिनिटासकट मोजल्या जात होत्या. व्हरांड्यात तेलुगू थांबलं तशी मी वही होती तिथं ठेवली. मॅडम आल्या, वही उचलली, म्हणाल्या, जेवण झालं का सर? मी म्हटलं, हो. जेवण झालं नव्हतं.

त्याच दिवशी मी प्रमुखांना पत्र दिलं. माझ्यावर मार्गदर्शनाच्या नावाखाली पाळत ठेवली जात आहे, वर्गात गुप्त नोंदी होत आहेत, त्याचा अध्यापनावर परिणाम होत आहे, तरी मेंटॉर बदलून मिळावा. 'पाळत' हा शब्द घालू की नको यावर मी तासभर घालवला आणि शेवटी घातला. प्रमुखांनी पत्र वाचलं, घडी घातली, खणात ठेवलं आणि बरं म्हणाले. इतक्या सहज बरं म्हटल्यावर मला त्यांचाही संशय आला.

मॅडम यायच्या थांबल्या. नवा मेंटॉर कुणी नेमला नाही आणि मीही आठवण केली नाही. शेवटचा बाक रिकामा झाला आणि मला हलकं वाटलं, हे खरं आहे. हळूहळू मी टेबलामागून पुढं आलो. मुलांशी पुन्हा बोलायला लागलो. मॅडम कॉरिडॉरमध्ये भेटल्या की तशाच मान हलवायच्या, तसंच जेवणाचं विचारायच्या. मनात डूख धरलेला माणूस इतकं साधं कसं बोलेल, असं एकदा वाटून गेलं. मग वाटलं, डूख धरलेलाच इतकं साधं बोलतो.

वर्ष संपत आलं. एके दिवशी आस्थापना शाखेतल्या कारकुनाचा निरोप आला. तिथं गेलो तर माझी फाइल त्यांच्यापुढं उघडी होती. शेजारी दुसरी फाइल होती, माझ्याबरोबर रुजू झालेल्याची, तिला नाडी बांधलेली.

"सर, मेंटॉरचा अहवाल कुटं हाय?" कारकून म्हणाले. "बाकी सगळं हाय. त्याच्याबिगर समितीपुढं जात न्हाय ही."

मी सांगितलं की मेंटॉर बदलून मागितला होता. त्यांनी पानं चाळली. बदलल्याचा आदेश नव्हता. माझं पत्र मात्र नीट लावलेलं होतं, त्यावर प्रमुखांचा शेरा, 'नोंद घेतली'. म्हणजे कागदावर मॅडमच माझ्या मेंटॉर होत्या, आणि त्यांनी माझ्याविषयी काय लिहायचं त्याच्या आधी मी त्यांच्याविषयी काय लिहिलं ते समितीला वाचायला मिळणार होतं. मी शाखेतल्या लाकडी बाकावर बसून राहिलो. सात वर्षं ज्यासाठी घासली ते आता त्या एका बाईच्या हातात होतं, आणि ते मीच तिथं नेऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. समितीची बैठक जवळ आलेली. मी पत्ता घेऊन पूर्व भागात त्यांच्या घरी गेलो. गल्लीत शिरल्यापासूनच मागांचा खडखडाट सुरू होता, एका घराचा संपला की दुसऱ्याचा. त्यांचं घर वर आणि खाली शेड, शेडमध्ये टॉवेलचे दोन माग, ते त्यांचे भाऊ चालवतात. मॅडमनी दार उघडलं. मला बघून त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. चहा टाकला. मी अहवालाचं बोलायला तोंड उघडलं आणि नुसता चहाचा घोट घेतला. खालच्या मागांनी भिंत हलत होती, कपातला चहा थरथरत होता.

"पत्र वाचलं मी," त्या म्हणाल्या. "प्रमुखांनी दाखवलं होतं."

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, या खाली.

शेडमध्ये एक कारागीर मागावर उभा होता. मी त्याच्या हातांकडं बघत होतो. मॅडम माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "त्यांच्याकडं नका बघू सर. कापडाकडं बघा." मी कापडाकडं बघितलं. पांढरं कापड पुढं सरकत होतं. थोड्या वेळानं त्यात एक बारीक रेघ दिसायला लागली, सुताची तार तुटल्याची, आणि ती रेघ कापडाबरोबर लांबत चालली. कारागिराच्या ते लक्षात नव्हतं. मी त्याला हाक मारायला गेलो तर मॅडमनी माझा दंड धरला. चांगला घट्ट धरला. मला म्हणाल्या की माग चालू असताना माणसाला हाक मारायची नसते. तो दचकतो, हात आत जातो. त्यांच्या काकांची दोन बोटं तशीच गेली होती, कुणीतरी चांगल्या मनानं ओरडून सांगायला गेलं म्हणून. लहानपणी शाळा सुटली की वडील त्यांना कापडापुढं बसवायचे. कारागिराकडं बघायचं नाही, कापड बघायचं, कुठं काय तुटलं ते ध्यानात ठेवायचं, आणि रुळावरचं सूत संपून बीम उतरलं, माग थांबला, की मग शांतपणे सांगायचं.

वर आल्यावर त्यांनी ती वही काढली आणि सोळा फुल्यांचं पान माझ्यापुढं धरलं. मग ते उलटं फिरवलं.

"हा फळा," त्या म्हणाल्या. "ही खिडकी. ही तुमची अक्कलकोटची मुलगी."

मी नकाशाशास्त्र शिकवतो. प्रमाण, दिशा, चिन्हांची सूची, पहिल्या सत्रात मुलांकडून तेच घोटून घेतो, आणि माझ्याच वर्गाचा नकाशा माझ्यासमोर असताना मला तो ओळखता आला नव्हता. चौकोन म्हणजे बाकांवरच्या जागा होत्या. फुली म्हणजे त्या जागेवरच्या मुलानं पेन खाली ठेवलं ती वेळ. माझी एकही चूक त्या वहीत नव्हती. सुरुवातीच्या पानांवर खिडकीकडच्या फुल्या साडेचारनंतरच्या होत्या, कारण त्या मुलीला पाचची गाडी गाठायची असायची आणि ती आधीच आवरायला लागायची. त्यासाठीच मॅडम वही घेऊन केबिनमध्ये गेल्या होत्या आणि तास सकाळी आणून घेतला होता. मधल्या रांगेतल्या फुल्या पंखा दुरुस्त झाल्यावर गेल्या. पंखा कधी दुरुस्त झाला तेही मी बघितलं नव्हतं. आणि तरीही बाकी सगळीकडं फुल्या वाढत गेल्या होत्या, नऊ, बारा, सोळा. त्यांनी त्याचं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत होतं तेव्हा मी कुणाकडं बघून शिकवत होतो.

मला इतकी लाज वाटली की मी सरळ माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही.

"पाळत म्हणालात ते चूक नव्हतं," त्या म्हणाल्या. "न सांगता मागं बसून लिहायचं म्हणजे तेच की. सत्र संपल्यावर सांगणार होते मी. पण वर्गात कुणाची बोटं जात नाहीत. मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

अहवालाचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. पाच तास बघितले तेवढ्या पाच तासांचं लिहीन. पुढं बघितलं नाही, ते बघितलं असं लिहिणार नाही, म्हणाल्या. मी हिशेब केला, पाच तासांच्या अर्ध्या अहवालावर समिती काय करेल ते मला समजत होतं. क्षणभर मला वाटलं, ही बाई अजूनही सूड घेतेय. मग मी त्यांच्याकडं नीट बघितलं. त्या खरंच तसल्या नव्हत्या. मी विचारलं, मग परत याल का माझ्या तासाला? मी त्यांना विचारलेली ती पहिलीच गोष्ट होती.

त्या आल्या. पट्टी, वही, खिडकीशी शेवटचा बाक. चार तास आल्या. त्यातल्या शेवटच्या तासाला मी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवत होतो, डोंगराच्या पलीकडं पाऊस पडून जातो आणि आमच्या वाट्याला नुसता वारा कसा येतो ते. बोलता बोलता आप्पांच्या मेंढरांवर आलो, पावसाळ्यात ती कुठं जातात, हिवाळ्यात कुठून परततात, फळ्यावर त्यांचीच वाट काढली आणि मुलांना म्हटलं, आता या वाटेवर पावसाचे आकडे मांडा. माळशिरसचा मुलगा मागून बोलला, "सर, आमच्यात ऊस गेला की रानात मेंढरं बसवत्यात, ती तुमच्याकडचीच की." वर्ग हसला, मीही हसलो. मग गार्डचीही गोष्ट निघाली, बांधावर उभा राहून तो लिहायला लागला की आप्पा कसे हाकत सुटायचे ती. 'न्हाय' किती वेळा आलं ते मी मोजलं नाही.

तास संपला. मॅडम उठल्या आणि वही बाकावर उघडी ठेवून बाजूला झाल्या. मी बघितलं. चार फुल्या होत्या. तीन ओळखू आल्या. चौथी शेवटच्या बाकावर, खिडकीशी.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी," त्या म्हणाल्या. "कंटाळून नाही ठेवलं पेन. तुमचे वडील मेंढरं हाकतात तिथं ऐकत बसले. सर, त्यांनी त्या गार्डला कधी विचारलं नाही का, काय लिहितोस म्हणून?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मला तो प्रश्न पडला नव्हता.

मॅडमचा अहवाल चांगला होता, नऊ तासांचा होता, आणि उशिरा गेला. ती बैठक चुकली. माझ्याबरोबर रुजू झालेला त्या बैठकीत कायम झाला आणि मी पुढच्या बैठकीत, सहा महिन्यांनी. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्याचं नाव माझ्या वर आहे आणि नोकरी संपेपर्यंत तसंच राहणार. त्याच्या वर्गात कोण कधी पेन खाली ठेवतं ते त्याला आजही माहीत नाही, पण तो वर आहे. यादी लागली की मला अजून खुपतं, खोटं कशाला बोलू. माझी फाइल इतके दिवस अडवण्यात प्रमुखांचा हात होता की ती नुसती पडून राहिली, हेही मला आजवर कळलेलं नाही. मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत.

कायम झाल्याचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी आप्पांना फोन केला. ते खूश झाले, आईला हाक मारून सांगितलं, कुत्र्याला गप्प केलं. मग म्हणाले, ती बाई काय लिवत हुती, कळलं का? मी सगळं सांगितलं, माग, तार, चौकोन, पेन. शेवटी मी विचारलं.

"आप्पा, तो गार्ड काय लिवायचा ते तुमी कधी इचारलं का?"

मागं कुत्रं परत भुंकायला लागलं. आप्पांनी त्याला हाकललं.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"का?"

"भ्या वाटायचं की, लेका."

आप्पांना भीती वाटायची हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागून पळायचो तेव्हा मला त्यांची नुसती पाठ दिसायची. मग त्यांनीच विचारलं.

"पर तू तर इचारलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "लई उशिरा इचारलं."